मान्यवरांची भिंत उभारण्यापूर्वी : एका अमेरिकी विद्यार्थी संस्थेच्या (फ्रॅटर्निटीच्या) राष्ट्रीय मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि राष्ट्रीय संचालक मंडळाचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

येत्या संस्थापक दिनापासून आपल्या प्रत्येक चॅप्टरच्या, म्हणजे विद्यापीठातील शाखेच्या, घरात दर्शनी भागी मान्यवर माजी सदस्यांच्या छायाचित्रांची भिंत उभी राहील, त्या मान्यवरांची नावे आणि अल्पचरित्रे नव्या सदस्यांच्या पुस्तिकेत घातली जातील आणि त्या निमित्ताने निधी गोळा करण्यासाठी भोजन समारंभ होईल, असे कळवणारे आपले परिपत्रक पालकांच्या यादीतून माझ्यापर्यंत पोहोचले. माझा मुलगा आपल्या एका चॅप्टरमध्ये दाखल झाला होता आणि दीक्षाविधी होण्यापूर्वीच बाहेर पडला. पुढे त्या चॅप्टरवर हेझिंगच्या, म्हणजे नवागतांच्या छळाच्या, कारणाने विद्यापीठाने बंदी घातली आणि मुदत संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले. आपल्या परिपत्रकात त्याच चॅप्टरच्या उज्ज्वल परंपरेचा उल्लेख आहे, बंदीबद्दल मात्र एक शब्दही नाही. हे वाचून गप्प राहणे मला योग्य वाटले नाही.

हेच पत्र मी इंग्रजीतून आपल्या कार्यालयाकडे पाठवले आहे. मराठीतून ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात वाढलेली आमची कितीतरी मुले आपल्यासारख्या संस्थांत जातात, आणि त्यांचे आईवडील महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात भेटले की एकमेकांना विचारतात, त्या फ्रॅटर्निटीतून आजवर कोण कोण मोठे झाले? मुलाला तिथे ओळखी मिळतील का, नोकरीच्या वेळी कुणी हात देईल का, हे जोखण्यासाठी आम्ही आपली नामावली वाचतो आणि वर्गणीचे पैसे भरतो. म्हणून त्या नामावलीविषयी जे सांगायचे आहे, ते या आईवडिलांसमोरच सांगितले पाहिजे. आपल्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. माझ्या मुलाची तशी इच्छा आहे, शिवाय मी मांडते आहे तो प्रश्न एकट्या आपल्या संस्थेचा नाही.

भारतात शिकलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे, त्याबद्दल आपण क्षमा करावी. ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या या विद्यार्थी संस्थांपैकी सर्वांत जुनी, फाय बीटा कॅपा, १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झाली. आज ज्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात त्या स्वरूपाच्या संस्थांची परंपरा १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात सुरू झालेल्या कॅपा अल्फा सोसायटीपासून मोजतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. सत्राच्या सुरुवातीला रश नावाचा निवडीचा काळ असतो, निवड झालेल्याला बिड मिळते, ती स्वीकारली की तो प्लेज होतो आणि काही आठवड्यांनी दीक्षाविधी होऊन पूर्ण सदस्य बनतो. मधल्या आठवड्यांत नवागतांचा जो छळ अनेक ठिकाणी होतो, त्याला इथे हेझिंग म्हणतात. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध १९९९ साली स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे मराठी घरांना हा प्रकार ठाऊक आहे. फरक इतकाच की इथे त्याच्यावर बंधुत्वाच्या शपथेचे पांघरूण असते, आणि शपथ घेतलेली मुले आईवडिलांपाशीही तोंड उघडत नाहीत.

आता मुद्द्याकडे येते. माजी सदस्यांचा गौरव करूच नये, असे माझे म्हणणे नाही. तो कसा करावा याची उत्तम उदाहरणे याच देशात, अशाच संस्थांनी घालून दिली आहेत. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग बॉस्टन विद्यापीठात शिकत असताना १९५२ मध्ये तिचे सदस्य झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल हेही तिचेच सदस्य. या संस्थेने डॉ. किंग यांची तसबीर लावून समाधान मानले नाही. राजधानीत त्यांचे स्मारक व्हावे ही कल्पना तिच्या सदस्यांनी १९८४ मध्ये मांडली, १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) संस्थेला तशी अधिकृत परवानगी दिली, पुढची पंधरा वर्षे निधी आणि बांधकाम यांत गेली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ते स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. तिथल्या लांब भिंतीवर कोरलेली आहेत ती किंग यांची वचने. गौरव करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे कष्ट उपसले आणि गौरव कामाचा झाला. याहून अधिक काय हवे?

डेल्टा सिग्मा थीटाचेही तसेच. जानेवारी १९१३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातील बावीस विद्यार्थिनींनी ही सोरोरिटी स्थापन केली आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात त्या चालल्या. त्या सोरोरिटीच्या आजच्या मुली आपल्या संस्थापिकांचा अभिमान सांगतात, तेव्हा त्या मोर्चाचा अभिमान सांगतात. ज्यांना बाकी सर्वांनी दार बंद केले होते, त्यांनी आपली मोठी माणसे मुलांना दाखवणे ही त्यांची गरज होती, आणि त्या गौरवाला मी आदराने नमस्कार करते. आमच्या मराठी मनाला जवळचे उदाहरण द्यायचे तर कोलंबिया विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते तिथे शिकले, कुठल्याही फ्रॅटर्निटीच्या आधाराविना. तो पुतळा पुस्तकांच्या सोबतीला आहे, आणि त्याचे दर्शन घेणाऱ्या कुणालाही तिथे कसली परीक्षा द्यावी लागत नाही.

या उदाहरणांशेजारी आपला निर्णय ठेवून पाहिला, तेव्हा माझ्या मनात ज्या तक्रारी आल्या त्या सांगते.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार ही की मान्यवरांची नावे आपल्या घरांत नवागतांना छळण्यासाठी वापरली जातात, आणि आपला निर्णय त्या वापराला नवे साहित्य पुरवणार आहे. माझा मुलगा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याच्या धुवायच्या कपड्यांत मला काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनाची एक छोटी पुस्तिका सापडली. शेवटच्या पानांवर आपल्या नामवंत माजी सदस्यांची नावे दीक्षेच्या वर्षासह छापलेली होती. त्या नावांपुढे त्याने पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठीत काही लिहिले होते. रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेली अक्षरे ती. ऱ्हस्वदीर्घ चुकलेले होते, पण वाचता येत होते. एका सेनेटरच्या नावापुढे लिहिले होते ‘भिंत’. एका बँकेच्या अध्यक्षापुढे ‘दूध’. एका फुटबॉल प्रशिक्षकापुढे ‘परत भिंत, खूप वेळ’. मी विचारले, हे काय आहे रे? तो त्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून त्याने सांगितले. रात्री उशिरा प्लेज मुलांना बेसमेंटमध्ये नेत, दिवे घालवत, तोंडावर टॉर्च धरत आणि ही नावे वर्षांच्या क्रमाने म्हणायला लावत. चुकले की भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे बसायचे, पाय थरथरून कोसळेपर्यंत. नाहीतर उलटी होईपर्यंत दूध प्यायचे. कुठल्या नावाला आपण अडतो आणि त्याची काय शिक्षा झाली, हे लक्षात राहावे म्हणून त्याने ते टिपून ठेवले होते. मराठीत लिहिले, कारण पुस्तिका तपासली जाई आणि त्या घरात आपली लिपी वाचणारे दुसरे कुणी नव्हते.

ज्या सेनेटरचे नाव त्या पानावर होते, त्यांना हे ठाऊक असेल असे मला वाटत नाही. आपल्या नावापाशी अडखळलेल्या एका मुलाचे पाय थरथरत होते, हे त्यांना कुणी कळवलेही नसेल. म्हणूनच आपल्या परिपत्रकातील ‘नावांचा समावेश नव्या सदस्यांच्या पुस्तिकेत केला जाईल’ हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. भोजनाच्या टेबलावर जो गौरव असतो, तो बेसमेंटमध्ये पोहोचेपर्यंत काय होतो, याचा विचार मंडळात कुणी केला होता का?

एखाद्या चॅप्टरमधील चार वाह्यात मुलांचे हे वर्तन आहे, असे उत्तर आपण द्याल. पण सप्टेंबर २०१७ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत फाय डेल्टा थीटाच्या चॅप्टरमध्ये काय घडले ते सर्वांसमोर आहे. नवागतांना फ्रॅटर्निटीविषयी प्रश्न विचारले जात होते, उत्तर चुकले की कडक दारूचे घोट घ्यायला लावले जात होते, आणि त्या प्रकाराला तिथली मुले ‘बायबल स्टडी’ म्हणत. अठरा वर्षांचा एक मुलगा त्या रात्रीतून वाचला नाही. त्याच्या नावाने लुइझियानाने २०१८ मध्ये हेझिंगविरोधी कायदा कडक केला. ही संस्था आपली नव्हे, पण पद्धत तीच आहे : संस्थेचा इतिहास पाठ करून घ्यायचा, आणि पाठ नसेल तर शरीराला शिक्षा करायची.

त्या संस्थेविषयी आणखी एक सांगितले पाहिजे, कारण आपला मुद्दा नेमका तिथेच येतो. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग पर्ड्यू विद्यापीठात फाय डेल्टा थीटाचे सदस्य होते. अपोलो ११ बरोबर त्यांनी संस्थेचा बिल्ला चंद्रापर्यंत नेला आणि परत येऊन तो संस्थेला दिला. कुठल्याही संस्थेला याहून मोठा माजी सदस्य मिळणार नाही, आणि त्या संस्थेने केलेला अभिमान अगदी रास्त आहे. त्या संस्थेने २००० सालापासून आपल्या घरांत दारूबंदीही लागू केलेली होती. तरीही २०१७ ची ती रात्र आली. आर्मस्ट्राँग यांचा त्यात तिळमात्र दोष नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की भिंतीवर कितीही थोर माणूस लावला आणि कागदावर कितीही चांगला नियम लिहिला, तरी बेसमेंटच्या जिन्यावर कुणी उभे राहिले नाही तर खाली असलेल्या मुलाला त्या दोहोंचा काही उपयोग नाही. मग आपण भिंतीसाठी मंडळाचा वेळ आणि पैसा खर्च करता, आणि जिन्यासाठी काय करता, हे विचारण्याचा हक्क आम्हा पालकांना आहे.

दुसरी तक्रार निवडीच्या निकषाची. परिपत्रकासोबतच्या यादीत मी प्रत्येक नावापुढचे वर्णन वाचले. राज्यपाल, सेनेटर, कंपनीचे अध्यक्ष, संघाचे मालक. त्यांनी कोणते पद भूषवले ते आहे; त्या पदावर बसून काय केले ते जवळजवळ कुठेच नाही. आणि त्याखाली आपल्यासारख्या सर्वच संस्था जे आकडे वर्षानुवर्षे छापत आल्या आहेत, तेही आहेतच : इतके टक्के राष्ट्राध्यक्ष आमचे, इतके टक्के बड्या कंपन्यांचे प्रमुख आमचे. हे आकडे कुठून आले ते कुणी सांगत नाही. ते खरे धरले तरी त्यांतून काय सिद्ध होते? दीडशे वर्षे या देशातील सधन घरांची मुले ज्या दारातून आत गेली, त्या दारातून पुढे सत्ताधारी बाहेर पडले, यात दाराचे कर्तृत्व किती आणि घराण्याचे किती? वडील सदस्य असतील तर मुलाला लीगसी म्हणून झुकते माप देण्याची चाल आजही अनेक चॅप्टरमध्ये आहे. पुण्याहून, नाशिकहून पहिल्या पिढीत इथे आलेल्या आमच्यासारख्या पालकांना ही पार्श्वभूमी माहीत नसते. आम्ही टक्केवारी वाचतो आणि समजतो की ही फ्रॅटर्निटी मुलाला घडवेल. ही समजूत आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही आपण आकडे तसेच छापता, हे मला गैर वाटते.

तिसरी गोष्ट लिहिताना मला त्रास होतो, पण ती टाळता येणार नाही. आपल्या यादीतील बहुतेक छायाचित्रे ज्या काळातील आहेत, त्या काळात माझ्या मुलाला आपल्या घरात पाऊल ठेवता आले नसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक राष्ट्रीय फ्रॅटर्निटींच्या नियमांत सदस्य गोरा आणि ख्रिस्ती असावा अशी कलमे उघडपणे लिहिलेली होती. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजातील फाय कॅपा सायच्या चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला आपल्यात घेतले, तेव्हा राष्ट्रीय संस्थेने त्या चॅप्टरलाच बाहेर काढले. कॅपा अल्फा ऑर्डर ही संस्था तर रॉबर्ट ई. ली यांना आपले आध्यात्मिक संस्थापक मानत आली, जे तिचे सदस्यही नव्हते, आणि ज्यांनी गुलामगिरी राखू पाहणाऱ्या राज्यांच्या सैन्याचे नेतृत्व केले होते. त्या गौरवाचे रस्त्यावर काय होते हे २००९ मध्ये अलाबामा विद्यापीठात दिसले. त्या राज्यांच्या सैन्याचा, म्हणजे कॉन्फेडरेट, गणवेश घातलेल्या या संस्थेच्या तरुणांची मिरवणूक अल्फा कॅपा अल्फा या कृष्णवर्णीय सोरोरिटीच्या घरासमोर थांबली, आणि नेमक्या त्याच वेळी त्या घरात जुन्या सदस्या आपल्या चॅप्टरचा वर्धापनदिन साजरा करायला जमल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या राष्ट्रीय संस्थेला असे गणवेश घालण्यास मनाई करावी लागली. त्या बायकांनी आपल्या अंगणातून काय पाहिले, याचा विचार मी अनेकदा करते. कुणाचा तरी गौरव हा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर घडत असतो, आणि भिंत उभारणाऱ्याने समोरच्या डोळ्यांचा विचार केलाच पाहिजे. जुनी छायाचित्रे काढून टाका असे मी म्हणत नाही. त्या काळात हे दार कुणाकुणाला बंद होते आणि ते कलम संस्थेने कोणत्या साली काढले, हे त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.

चौथी तक्रार पैशांची आहे. भोजन समारंभाच्या निमंत्रणात देणगीच्या श्रेणी दिल्या आहेत, आणि वरच्या श्रेणीतील देणगीदाराचे नाव पुढच्या वर्षी मान्यवरांसाठी ‘विचारात घेतले जाईल’ असे लिहिले आहे. असे असेल तर मानाला किंमत लावली गेली, आणि आपल्या यादीतील ज्या सदस्यांनी खरोखर काही करून दाखवले त्यांचाही तो अपमान आहे. शिवाय पैशाने घर सुंदर होते, सुरक्षित होतेच असे नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पायच्या ज्या घरात एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी प्लेज झाल्याच्या रात्री बेसमेंटच्या जिन्यावरून पडला, त्या घराच्या नूतनीकरणावर एका धनिक माजी सदस्याने लक्षावधी डॉलर खर्च केले होते. घरात कॅमेरे होते. तो मुलगा जखमी अवस्थेत पडून होता, ते त्या कॅमेऱ्यांनी टिपले, आणि जवळजवळ बारा तास कुणी मदत बोलावली नाही. ही घटना मी वाचली तेव्हा माझा मुलगा शाळेत होता, आणि हे दुसऱ्या कुणाच्या घरी घडते असेच मला वाटत होते.

शेवटची तक्रार मौनाची. २३ डिसेंबर २०२४ रोजी स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट या संघराज्याच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्यानुसार महाविद्यालयांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते आणि दोषी ठरलेल्या संस्थांची नावे, प्रकरणाचा सारांश यांसह, जाहीर करावी लागतात. म्हणजे आपल्या चॅप्टरची दुसरीही एक यादी आता सार्वजनिक झाली आहे. ती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर आहे. आपल्या परिपत्रकात, आपल्या नियतकालिकात, आपल्या भिंतीच्या आराखड्यात नाही. पत्रकार हँक न्यूवर यांनी या देशातील हेझिंगच्या मृत्यूंची नोंद आयुष्यभर ठेवली, आणि १९५९ पासून सहा दशके असे वर्ष क्वचितच गेले की त्या नोंदीत भर पडली नाही. एका माणसाने जे केले ते इतक्या श्रीमंत राष्ट्रीय संस्थांना करावेसे वाटले नाही. सदस्याने नोबेल मिळवले तर तो ‘आमचा’, आणि सदस्याच्या हातून नवागताचा जीव गेला तर ते ‘स्थानिक चॅप्टरचे वर्तन’. या हिशेबाला माझा आक्षेप आहे. बंधुत्व जर आयुष्यभराचे आहे, तर ते दोन्ही बाजूंनी आयुष्यभराचे असले पाहिजे.

आता माझ्या मागण्या सांगते.

मान्यवर माजी सदस्यांची नावे, वर्षे, पदे यांपैकी काहीही नव्या सदस्यांकडून तोंडपाठ करून घेण्यास आपण लेखी मनाई करावी, पुस्तिकेतून ती नामावली काढावी आणि पाठांतर घेणाऱ्या चॅप्टरची सनद स्थगित होईल असा नियम करावा. माझ्या दृष्टीने ही मागणी बाकी सर्वांच्या आधी येते, आणि तिला एक पैसाही खर्च नाही.

भिंत उभारायची असेल तर प्रत्येक नावाखाली पदाऐवजी काम लिहावे, आणि ते काम तपासून लिहावे. मान्यवर ठरवणाऱ्या समितीत सध्याचे विद्यार्थी आणि बाहेरचा किमान एक इतिहासाचा अभ्यासक असावा. देणगीचा आणि निवडीचा संबंध पूर्णपणे तोडावा आणि तसे जाहीर करावे. एखाद्या मान्यवराचे गंभीर गैरकृत्य पुढे आले तर नाव काढण्याची पद्धत आधीच ठरलेली असावी, म्हणजे त्या वेळी चालढकल होणार नाही. यादीत अशा सदस्यांनाही जागा असावी ज्यांना बाहेर कुणी ओळखत नाही, पण ज्यांनी संकटात सापडलेल्या प्लेजसाठी फोन उचलून मदत बोलावली. माझ्या मुलाला त्या घरातून रात्री गाडीत घालून त्याच्या खोलीवर आणून सोडणारा एक वरच्या वर्षाचा मुलगा होता. त्याने नंतर स्वतःचे सदस्यत्व सोडले. माझ्या लेखी आपल्या त्या चॅप्टरचा मान्यवर माजी सदस्य तो आहे.

भिंतीवर किंवा तिच्या लगत त्या चॅप्टरचा गेल्या दहा वर्षांचा शिस्तभंगाचा इतिहास, बंदीच्या तारखांसह, लावावा. रशच्या वेळी तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या आणि पालकाच्या हाती द्यावा. ज्या टक्केवारीचा आधार दाखवता येत नाही, ती सर्व साहित्यातून काढून टाकावी. आणि भोजन समारंभातून जो निधी येईल, त्यातील ठरावीक हिस्सा प्रत्येक घरात पगारी, प्रौढ, निवासी व्यवस्थापक ठेवण्यासाठी राखून ठेवावा.

यादीतील मान्यवरांनाही माझी एक विनंती आहे, आणि ती आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. आपले छायाचित्र लावण्यास संमती देण्यापूर्वी त्यांनी चॅप्टरला एकच प्रश्न लेखी विचारावा : माझे नाव इथे कुणाकडून, कसे वदवून घेतले जाते? सेनेटरने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. आई म्हणून तोच प्रश्न मी आपल्या कार्यालयाला पूर्वी विचारला होता. उत्तर आले नाही.

मराठी पालकांना मी इतकेच सांगेन की मुलाने किंवा मुलीने बिड मिळाल्याचे आनंदाने सांगितले तर त्या आनंदावर विरजण घालू नका. या संस्थांत चांगल्या मैत्री होतात, समाजकार्य होते, घरापासून दूर असलेल्या मुलांना माणसे मिळतात. पण मोठ्या नावांची यादी वाचण्याआधी त्या विद्यापीठाचा हेझिंग अहवाल वाचा, चॅप्टरचे नाव त्यात आहे का ते पाहा, आणि मुलाला सांगून ठेवा की कुठलीही शपथ आईला फोन करण्याच्या आड येत नाही.

महोदय, आपला संस्थापक दिन अजून लांब आहे आणि भिंतीचे काम सुरू झालेले नाही, म्हणून हे सर्व बदलणे आज सहज शक्य आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हे पत्र घ्यावे आणि प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही असे स्पष्ट उत्तर द्यावे, अशी माझी विनंती आहे. बैठकीला बोलावल्यास मी येईन. माझा मुलगाही येण्यास तयार आहे, आणि ती पुस्तिका तो सोबत आणेल. आपले उत्तर आले की तेही मी मराठीत करून, एक शब्दही न गाळता, इथेच प्रसिद्ध करीन.

आपली,
आपल्या एका माजी प्लेजची आई
न्यू जर्सी